वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकाची वाढीव मेमरी

प्रश्न : माझ्याकडे सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम आहे. तो मुळात १६के (१६ किलोबाइट मेमरीचा) म्हणून विकला गेला होता आणि आधीच्या मालकाने बोर्डावरच्या रिकाम्या सॉकेटांत चिप्स बसवून तो ४८के करून घेतला. संगणक व्यवस्थित सुरू होतो. ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ ही मेमरीचा शेवटचा पत्ता वाचणारी आज्ञा दिली की ६५५३५ हे अपेक्षित उत्तर येते आणि छोटे प्रोग्राम तासन्‌तास चालतात. मात्र ४८के साठी लिहिलेले मोठे खेळ टेपवरून पूर्ण चढतात आणि मग ठरावीक जागी यंत्र अडकते किंवा आपोआप पुन्हा सुरू होते. त्याच टेप दुसऱ्या स्पेक्ट्रमवर विनातक्रार चालतात. वाढीव मेमरीच्या आठ चिप्सपैकी सात चिप्सवर नावाच्या शेवटी एनएल४ असे छापले आहे, एकीवर एनएल३. आठही चिप्स बदलाव्यात का?

उत्तर : आठही चिप्स बदलण्याची घाई करू नये. आपण जाता जाता लिहिलेली एनएल३ची नोंद हेच बहुधा या बिघाडाचे कारण आहे. परंतु ते तपासून पाहण्याआधी ६५५३५ या आकड्यावर किती भरवसा ठेवावा, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपली सारी गोंधळाची स्थिती त्या आकड्याने निर्माण केली आहे.

स्पेक्ट्रमला वीज मिळाली की रॉममधला (कायमस्वरूपी मेमरीतला) प्रोग्राम सर्वप्रथम मेमरी मोजतो. ६५५३५ या सर्वांत वरच्या पत्त्यापासून खाली १६३८४ पर्यंत प्रत्येक घरात तो २ हा आकडा लिहीत येतो. त्यानंतर खालून वर जाताना प्रत्येक घरातला आकडा दोनदा एकेकाने कमी करतो. पहिल्याच वेळी शून्य आले तर घर सदोष, आणि दुसऱ्या वेळी शून्य आले नाही तरीही घर सदोष. पहिले सदोष घर सापडताच मोजणी थांबते आणि त्याच्या आधीचा पत्ता मेमरीचा शेवट म्हणून नोंदला जातो. आपण वाचता तो आकडा हाच.

ही मोजणी झटपट व्हावी म्हणून लिहिलेली आहे आणि मेमरी किती बसवली आहे एवढेच तिला ठरवायचे असते. प्रत्येक घरात आठ बिट असतात. त्यांना ० ते ७ असे क्रमांक देऊ. २ लिहिताना फक्त बिट १ मध्ये एक जातो, पुढे आकडा १ झाला की फक्त बिट ० मध्ये. बिट २ ते ७ मध्ये या सगळ्या खटाटोपात शून्याखेरीज काहीच लिहिले जात नाही. त्यामुळे एखादा बिट कायमचा एकवर अडकला असेल तर तो कोणत्याही क्रमांकाचा असला तरी पकडला जातो. पण वरच्या सहांपैकी एखादा बिट शून्यावर अडकला असेल, तर रॉमच्या दृष्टीने ते घर निर्दोष ठरते. थोडक्यात, ६५५३५ हे उत्तर मेमरी जागेवर असल्याचा पुरावा आहे, ती शाबूत असल्याचा नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते. मोजणी संपल्यावर बेसिक ही यंत्राची भाषा आपला स्टॅक (परतीचे पत्ते ठेवण्याची जागा) मेमरीच्या वरच्या टोकाजवळ, वापरकर्त्याच्या चित्राक्षरांसाठी राखलेल्या १६८ बाइट्सच्या लगेच खाली मांडतो. वाढीव मेमरीची एखादी चिप सर्वस्वी शून्यावर अडकलेली असती, तर स्टॅकवरचे पत्ते बिघडून यंत्र कॉपीराइटची ओळ दाखवण्याआधीच कोलमडले असते. तसे होत नाही. तेव्हा बिघाड मोजक्या घरांत आहे आणि ती घरे स्टॅकच्या जागेपासून दूर आहेत. छोटे प्रोग्राम तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, मोठा खेळ मात्र तिथे आपला काही भाग ठेवतो आणि त्या भागाची पाळी आली की अडकतो. ठरावीक जागीच अडकण्याचे कारण हे.

आता एनएल३ आणि एनएल४ यांविषयी. स्पेक्ट्रमची खालची १६के मेमरी ४११६ या जातीच्या आठ चिप्सची असते. वरच्या ३२के साठी बहुतेक यंत्रांत टीएमएस ४५३२ किंवा ओकी कंपनीच्या ३७३२ या चिप्स वापरल्या गेल्या. या ३२ किलोबिटच्या म्हणून विकल्या जात असल्या, तरी त्या मुळात ६४ किलोबिटच्याच चिप्स होत्या. कारखान्याच्या तपासणीत ज्यांच्या एका अर्ध्या भागात दोष निघाला, त्या चांगल्या अर्ध्याच्या हमीवर स्वस्तात विकल्या गेल्या. १९८२ साली पूर्ण निर्दोष ६४ किलोबिटची चिप महाग असताना ही काटकसर शहाणपणाचीच होती. कोणता अर्धा चांगला, हे टीएमएस ४५३२च्या नावाच्या शेवटी येणारा ३ किंवा ४ हा अंक सांगतो, आणि बोर्डावरचा तारेचा एक लहानसा दुवा आठही चिप्सना एकदमच कोणता अर्धा वापरायचा ते ठरवून देतो. म्हणून संपूर्ण संच एकाच अंकाचा असावा लागतो. आपल्या यंत्रात दुवा सात चिप्सच्या सोयीचा असणार, म्हणजे आठवी चिप आपल्या नाकारलेल्या अर्ध्यात काम करते आहे. त्या अर्ध्यात दोष म्हणजे तो संपूर्ण मृत असतो असे नाही. एखादी ओळ किंवा चार-दोन घरेही नाकारण्यास पुरेशी असतात. आपली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

तरीही चिपेला हात लावण्यापूर्वी बेसिकमध्येच चाचणी घ्यावी. प्रथम ‘क्लिअर ३२५९९’ ही आज्ञा द्यावी. त्यामुळे बेसिकचा स्टॅक खालच्या १६के मध्ये येतो आणि वरच्या मेमरीत काहीही लिहिले तरी यंत्र कोसळत नाही. मग ३२७६८ ते ६५५३५ या सर्व पत्त्यांवर पोकने २५५ लिहिणारा एक फेरा चालवावा आणि तो पूर्ण झाल्यावरच दुसऱ्या फेऱ्यात प्रत्येक पत्ता पीकने वाचून, जिथे २५५ मिळणार नाही तिथे पत्ता आणि २५५ मधून वाचलेला आकडा वजा करून येणारी बाकी छापावी. त्यानंतर हेच सर्व शून्य लिहून करावे आणि तेथे वाचलेला आकडाच छापावा. लिहिणे आणि वाचणे एकाच फेऱ्यात उरकू नये. बेसिकला एकेका फेऱ्यासाठी काही मिनिटे लागतील, पण हा संथपणा येथे उपयोगाचा आहे, कारण तेवढ्या वेळात रिफ्रेशवर (माहिती पुसली जाऊ नये म्हणून मेमरी वारंवार ताजी करण्यावर) नीट न टिकणारे घरही उघडे पडते.

बाकीचा आकडा सरळ बिट सांगतो : १ म्हणजे बिट ०, २ म्हणजे बिट १, ४ म्हणजे बिट २, आणि असेच पुढे १२८ म्हणजे बिट ७. सर्व सदोष पत्त्यांवर समजा ३२ हीच बाकी येत असेल, तर दोष बिट ५ सांभाळणाऱ्या चिपेत किंवा तिच्या सॉकेटात आहे, कारण या आठ चिप्स प्रत्येकी एकच बिट सांभाळतात. वाढीव मेमरीच्या चिप्स बोर्डावर आयसी १५ ते आयसी २२ या क्रमांकांच्या आहेत. कोणती चिप कोणत्या बिटाची, हे नकाशावरून मानण्याऐवजी मल्टिमीटरने पडताळावे : चिपेची १४ क्रमांकाची पिन झेड-८० प्रोसेसरच्या कोणत्या पिनेशी जोडलेली आहे ते पाहावे. प्रोसेसरवर बिट ० ते ७ यांच्या पिना अनुक्रमे १४, १५, १२, ८, ७, ९, १० आणि १३ आहेत.

चाचणीत सापडलेला बिट आणि एनएल३ची चिप एकच निघाली, तर शेवटची खातरजमा फुकट होते. वीज काढून ती चिप शेजारच्या चिपेशी अदलाबदल करून बसवावी, खाचेची दिशा मात्र चुकवू नये, आणि चाचणी पुन्हा चालवावी. बाकीचा आकडा बदलून शेजारच्या बिटाचा झाला तर दोष चिपेचा; तोच राहिला तर सॉकेटचा किंवा बोर्डावरच्या रेषेचा.

बदली चिप म्हणून एनएल४ शोधत बसण्याची आवश्यकता नाही. संपूर्ण ६४ किलोबिटची ४१६४ ही चिप त्याच पिनांची असते, तिचे दोन्ही अर्धे चांगले असल्यामुळे दुवा कसाही असला तरी चालतो, आणि उरलेल्या सात चिप्स तशाच राहू शकतात. खरेदी करताना एवढे पाहावे की ती १२८ ओळींच्या रिफ्रेशची असावी. झेड-८०चा रिफ्रेशचा गणक सात बिटांचाच असतो आणि २५६ ओळी मागणारी चिप त्याच्या भरवशावर ठेवणे योग्य नाही. एक इशारा मात्र ठळकपणे द्यावासा वाटतो. हीच ४१६४ खालच्या मेमरीच्या, म्हणजे आयसी ६ ते आयसी १३ यांच्या, जागी कधीही बसवू नये. तेथल्या ४११६ चिप्सना ५, १२ आणि उणे ५ असे तीन दाब लागतात आणि त्यांतले १२ व्होल्ट नेमके ८ क्रमांकाच्या पिनेवर येतात, जिथे ४१६४ला ५ व्होल्ट हवे असतात. चिप तत्क्षणी निकामी होईल.

प्रश्न : माझा ४८के स्पेक्ट्रम थंड असताना उत्तम चालतो. अर्ध्या तासाने मोठा प्रोग्राम कोसळतो, आणि त्यानंतर वरील आज्ञेचे उत्तर कधी ६५५३५ तर कधी ३२७६७ येते. मेमरीच्या चिप्स थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या आहेत. बिघाड कुठे शोधावा?

उत्तर : प्रथम मापनाची पद्धत सुधारावी. ‘न्यू’ ही आज्ञा दिल्याने मेमरीच्या शेवटाची जुनी नोंद पुसली जात नाही, त्यामुळे उत्तरे विसंगत दिसतात. वीज पूर्ण तोडून पुन्हा दिल्यावरच आकडा वाचावा.

३२७६७ याचा अर्थ वाढीव मेमरीचे पहिलेच घर मोजणीत नापास झाले. हे एकाच चिपेमुळे होऊ शकते आणि आठही चिप्सना लागणारी एखादी सामाईक गोष्ट तुटल्यामुळेही होऊ शकते. दोहोंतला फरक ओळखला की निम्मे काम झाले. रॉमने वरची मेमरी नाकारली असली तरी पोक आणि पीक तेथे चालतातच, तेव्हा यंत्र तापलेले असताना मागच्या उत्तरातली चाचणी घ्यावी. प्रत्येक चुकीत एकच बिट असेल तर त्या बिटाची चिप संशयित. अनेक बिट एकदम चुकत असतील, तर चिप्सना तूर्त निर्दोष समजावे आणि त्यांच्यापर्यंत येणाऱ्या वाटा तपासाव्यात.

त्या वाटांमध्ये विजेला पहिला मान. वाढीव मेमरीला फक्त ५ व्होल्ट लागतात. कोणत्याही एका चिपेच्या ८ आणि १६ या पिनांमध्ये, यंत्र तापल्यावर, दाब मोजावा. तो ४.७५ ते ५.२५ यांच्या आत असावा. थंडीत बरोबर आणि तापल्यावर कमी असेल, तर ७८०५ रेग्युलेटर, त्याच्या मागच्या पत्र्याशी असलेला संपर्क आणि आजूबाजूचे कंडेन्सर यांकडे वळावे. अडॅप्टर बदलून पाहायचा असल्यास लक्षात ठेवावे की स्पेक्ट्रमच्या प्लगचे मधले टोक ऋण असते. आजच्या बहुतेक अडॅप्टरांचे ते धन असते.

वीज ठीक असेल, तर उरतात चार साध्या लॉजिक चिप्स. आयसी २५ आणि आयसी २६ या ७४एलएस१५७ पत्त्याचे दोन भाग आळीपाळीने मेमरीला पुरवतात. आयसी २३ (७४एलएस३२) आणि आयसी २४ (७४एलएस००) मेमरीला जागे करणारे संकेत बनवतात. दोन जोड्यांतला फरक चाचणीत असा दिसतो : प्रत्येक पत्त्यावर त्या पत्त्याला २५६ ने भागून येणारा पूर्णांक लिहावा आणि सर्व लिहून झाल्यावर वाचावा. वाचलेला आकडा दुसऱ्याच एखाद्या पत्त्याचा असेल, म्हणजे मेमरी लिहिलेले जपते पण भलत्या घरात, तर पत्त्याच्या जोडीवर संशय घ्यावा. सगळीकडे निरर्थक किंवा एकच आकडा येत असेल, तर संकेतांच्या जोडीवर. ऑसिलोस्कोप असल्यास मेमरी चिपेच्या १५ क्रमांकाच्या पिनेवर स्पंदने येतात का हे पाहता येते. फक्त मल्टिमीटर असेल तर ती पिन ठाम ५ किंवा ठाम ० व्होल्टवर बसून राहिलेली आहे एवढे तरी कळते, आणि चाचणीचा फेरा चालू असताना तसे दिसणे संशयास्पदच.

उष्णतेने होणारा बिघाड शोधण्यासाठी थंड करणारा फवारा एका वेळी एकाच चिपेवर मारावा आणि प्रत्येक वेळी चाचणी घ्यावी. संशयित चिपेच्या पाठीवर चांगली चिप दाबून धरण्याची युक्ती अनेक जण सुचवतात; जुनी चिप गप्प बसलेली असेल तरच ती लागू पडते. जुनी चिप डेटाची तार शून्याकडे ओढत असेल तर नवी तिच्यावर मात करू शकत नाही, आणि मग चांगल्या निदानावर अविश्वास बसतो. माझे मत या युक्तीच्या विरुद्ध आहे.

चिप काढायचीच ठरली, तर ती वाचवण्याचा प्रयत्न करू नये. तिचे पाय अंगाजवळ कापावेत, एकेक पाय गरम करून उपसावा, भोके कथील शोषून मोकळी करावीत आणि तेथे सॉकेट बसवावे. या बोर्डांवरची तांब्याची वर्तुळे जास्त वेळ तापवल्यास उखडतात, आणि उखडलेले वर्तुळ हा मूळ बिघाडापेक्षा मोठा उपद्व्याप ठरतो.

प्रश्न : सिंक्लेअरच्याच झेडएक्स८१ या संगणकाला मागून लावायचा १६के मेमरीचा डबा माझ्याकडे आहे. कळ जरा जोरात दाबली की पडदा पांढरा होतो आणि टंकलेले सारे जाते. डबा खराब झाला आहे का?

उत्तर : बहुधा नाही, दोष जोडणीचा आहे. डबा संगणकाच्या मागच्या काठावर अधांतरी लोंबतो, कळ दाबली की संगणक किंचित हलतो आणि काठावरच्या पट्ट्यांचा संपर्क क्षणभर तुटतो. प्रोसेसरला तेवढा क्षण पुरतो.

वीज बंद करून काठावरच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात आणि डब्यातल्या कनेक्टरचे ओठ सैल झाले आहेत का ते पाहावे. वीज चालू असताना डबा लावणे किंवा काढणे पूर्णतः टाळावे, कारण डबा संगणकाकडून ९ व्होल्टची अनियंत्रित वीज घेऊन तीतून आपल्या ४११६ चिप्सचे १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करतो, आणि संपर्क तिरका झाला तर भलताच दाब भलत्या पट्टीवर जातो. स्वच्छ केल्यावर संगणक आणि डबा दोन्ही एकाच ताठ फळीवर असे पक्के करावेत की ते हलले तर एकत्रच हलतील. नुसता डब्याखाली आधार देऊन भागत नाही, कारण हलणारा डबा नसून संगणक असतो.

मग ‘प्रिंट पीक १६३८८ + २५६ * पीक १६३८९’ ही आज्ञा द्यावी. ३२७६८ आले तर पूर्ण १६के ओळखली गेली. येथला आकडा मेमरी संपल्यानंतरच्या पहिल्या पत्त्याचा असतो, स्पेक्ट्रमप्रमाणे शेवटच्या घराचा नाही. मोजणीची पद्धत मात्र तीच, दोन लिहून दोनदा कमी करण्याची, तेव्हा तिची वर सांगितलेली उणीवही येथे तशीच लागू आहे. १७४०८ आले तर संगणकाची स्वतःची १के मेमरीच बोलते आहे. डबा नीट बसला की तो एका खास पट्टीवरून त्या आतल्या मेमरीला गप्प करतो, म्हणून हा आकडा ती पट्टी टेकलेली नसल्याचे सांगतो. पुन्हा जोडणीकडेच जावे. आणि डबा लावल्यावर पडद्यावर के हा कर्सर मुळीच येत नसेल, पण डबा काढून वीज दिल्यावर येत असेल, तर ती पट्टी टेकली आहे आणि डब्यातली मेमरी उत्तर देत नाही. त्या वेळी डबा उघडून ४११६ चिपेवर १ क्रमांकाच्या पिनेवर उणे ५, ८ वर १२ आणि ९ वर ५ व्होल्ट, तिन्ही १६ क्रमांकाच्या पिनेच्या तुलनेत, मोजावेत. उणे ५ नसेल तर लगेच वीज बंद करावी; त्याशिवाय १२ व्होल्टवर राहिलेल्या ४११६ चिप्स तापून मरतात, आणि उणे ५चा बिघाड दुरुस्त होण्यापूर्वी घातलेल्या नव्या चिप्सही त्याच वाटेने जातात.